झाडावर चढण्याचं इंजिनीअरिंग

मराठीत एक छान वाक्प्रचार आहे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. आपल्या हॉस्टेलमध्ये हे काम रोज चालतं. सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाची फाईल हवी असली की त्याला चढवायचं, सकाळी उतरवायचं. हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढं असतं, त्यामुळे पडलं तरी काही मोडत नाही. चिंचेचं झाड मात्र तसं नाही. हा लेख चिंचेच्या झाडाबद्दल आहे.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील, विचारांच्या चुका माझ्या!

आमचं गाव येरमाळ्याजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेच्या कडेला. आजोबांच्या (आम्ही आबा म्हणतो) शेताच्या बांधावर चिंचेची दोन जुनी झाडं आहेत. आपल्या भागात चिंच कुणी मुद्दाम लावत नाही, ती बांधावर असतेच. पाणी मागत नाही, फवारणी मागत नाही, आणि मोठं झाड चांगल्या वर्षी दीडशे-दोनशे किलो चिंच देऊन जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा उतरवायच्या, बायकांनी बसून फोडायच्या, चिंचोके काढायचे आणि माल बार्शीच्या नाहीतर लातूरच्या बाजारात न्यायचा. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले. एक गोष्ट मात्र कधी नीट बघितली नव्हती. चिंचा उतरतात कशा?

त्या उतरतात माणसाच्या जिवावर. एक माणूस अनवाणी वर चढतो, एका हातात लांब काठी, दुसऱ्या हाताने फांदी धरलेली. चिंच लागते फांदीच्या शेंड्याला, म्हणून तोही शेंड्याकडे सरकत जातो. कमरेला दोर नाही, खाली जाळी नाही. मजुरी उक्ती, म्हणजे झाडामागे ठरलेली. जितकं लवकर उतरवाल तितका फायदा.

मी बारावीत असताना, मार्च महिन्यात, आमच्या झाडावरून असेच एक जण पडले. गावात सगळी मुलं त्यांना मामा म्हणतात, मीपण. साधारण वीस फुटांवरून पडले. मी तेव्हा झाडाखालीच होते आणि गाभुळलेल्या चिंचा वेचत होते. आवाज आला तो फांदी मोडल्याचा, असं मला वाटलं. फांदी मोडली नव्हती. आम्ही चौघांनी त्यांना हातापायाला धरून उचललं आणि जीपमध्ये घातलं. तसं उचलायचं नसतं, हे मला नंतर कळलं. मामांच्या कमरेखालची ताकद गेली. ती पडल्यामुळे गेली की आमच्या उचलण्यामुळे, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

इंजिनीअरिंगला आल्यावर वाटायला लागलं, आपण बीमवरचे लोड काढतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी पाठ करतो, मग याचं उत्तर आपल्याकडे का नसावं? म्हणून शोधायला लागले. जे सापडलं ते पुढे लिहिते आहे.

शिकाऱ्याची खोगीर

पहिलं उत्तर मिळालं ते विचित्र ठिकाणी. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक झाडावर तासन् तास बसतात. पूर्वी ते झाडाला लोखंडी पाट लावून त्यावर बसत आणि पाटासकट खाली येत. आता बरेच जण ‘सॅडल’ वापरतात. सॅडल म्हणजे खोगीर, पण ही घोड्याच्या पाठीवर नसते, माणसाच्या बुडाखाली असते. जाड पट्ट्यांची झोळी कमरेभोवती आणि मांड्यांभोवती बसते. तिला पुढून एक दोरी, आणि ती दोरी डोक्याच्या उंचीवर झाडाला बांधलेली. माणूस पाय खोडाला टेकवून मागे रेलतो आणि झोक्यात बसल्यासारखा बसतो. दोन्ही हात मोकळे!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आपल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात प्राणी बघायचा असेल तर डोळ्यांनी बघावा. मचाणसुद्धा आता राज्यातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला बांधतात. पण शिकाऱ्याचं हत्यार बाजूला ठेवून त्याची खोगीर घ्यायला कायद्याची हरकत नाही. चिंच उतरवणाऱ्यालाही तेच तर हवं आहे, दोन्ही हात मोकळे आणि जीव बांधलेला.

खरं तर ही कल्पना आपल्याही डोळ्यांसमोर रोज असते. महावितरणचा लाईनमन खांबावर पट्टा टाकून मागे रेलतो ना, तेच तत्त्व.

थोडं गणित (घाबरू नका)

पडणाऱ्या वस्तूचा वेग म्हणजे २ × ९.८१ × उंची याचं वर्गमूळ. बारावीत पाठ केलेलं सूत्र. वीस फूट म्हणजे ६ मीटर घातले तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे १०.८ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. पडायला वेळ लागतो १.१ सेकंद. म्हणजे वीस फुटांवरून पडणं आणि ताशी चाळीसच्या वेगाने गाडीवरून भिंतीवर आदळणं एकच.

“मग कमरेला दोर बांधला की झालं!” असं आबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. पण समजा ७० किलोचा माणूस १.८ मीटर पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला १० सेंटिमीटरच्या आत थांबवलं. तर सरासरी बल येतं सुमारे १३ किलोन्यूटन. म्हणजे कमरेवर तेराशे किलोचा झटका! दोर तुटला नाही तरी माणूस तुटेल. म्हणूनच पडणाऱ्याला झेलणाऱ्या साधनांमध्ये हा झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचा असा नियम आहे, आणि त्यासाठी दोरीत झटका शोषणारी शिवलेली पट्टी असते. झटका बसला की ती उसवत जाते.

आता गंमत बघा. १.८ मीटरची दोरी, पट्टी उसवून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, त्याखाली लोंबकळणारा माणूस दीड मीटर, वर थोडी मोकळी जागा. बेरीज होते सहा मीटर. म्हणजे बिल्डिंगवर चालणारी ही पद्धत पाच मीटरवर काम करणाऱ्या माणसाच्या उपयोगाचीच नाही! दोरी त्याला झेलायच्या आत जमीन झेलेल.

म्हणून झाडावरचा नियम वेगळा. पडल्यावर झेलायचं नाही, पडूच द्यायचं नाही. दोर कायम छातीच्या वर आणि कायम ताणलेला. गिर्यारोहक याला ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात, किती पडलो भागिले दोर किती लांब. दोर डोक्यावर ताठ असेल तर उत्तर जवळजवळ शून्य. तोच पायाशी बांधला असेल तर उत्तर दोन, म्हणजे सर्वांत वाईट.

सामान काय लागतं?

१. हार्नेस. चिंचेसाठी मी शिकाऱ्याची सॅडल न घेता पूर्ण अंगाचा हार्नेस घेतला, कारण तो आपल्याकडे मिळतो. खांदे, छाती, मांड्या सगळीकडे पट्टे हवेत, छातीवर एक कडी आणि कमरेच्या दोन बाजूंना दोन कड्या. आयएस ३५२१ असा शिक्का बघून घ्या. नुसता कमरपट्टा रेलून उभं राहायला ठीक, पण पडणाऱ्याला त्याच्यावर झेलू नये. बरगड्या जातात, नाहीतर माणूस उलटा होऊन निसटतो.

२. मुख्य दोर. ११ मिलिमीटरचा, आतला गाभा आणि बाहेरचं विणलेलं आवरण असलेला, गिर्यारोहणाच्या दुकानातला स्टॅटिक दोर. या वर्गातला दोर किमान २२ किलोन्यूटन सोसतो. बैलाचा कासरा, विहिरीचं चऱ्हाट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर, यांतलं काहीही चालणार नाही. उन्हाने प्लॅस्टिकचा दोर आतून मरतो आणि बाहेरून तसाच दिसतो.

३. प्रुसिकची दोरी. ७ ते ८ मिलिमीटरची नायलॉनची दोरी, टोकं बांधून केलेला फेरा. मुख्य दोरापेक्षा बारीक असणं आवश्यक, नाहीतर गाठ धरत नाही.

४. कॅराबिनर. म्हणजे दार असलेली कडी, दाराला स्क्रूचं कुलूप असलेली. लांबीच्या दिशेने ती साधारण २२ किलोन्यूटन सोसते, दार उघडं असेल किंवा ताण आडवा आला तर सात-आठच. म्हणून दार लावलं का, हे दोनदा बघायचं. चावीच्या जुडग्याला लावतात त्या शोभेच्या कड्या इथे आणू नका.

५. आखूड दोरी. कमरेच्या एका बाजूच्या कडीतून निघून फांदीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या कडीत येणारी, लांबी कमी-जास्त करता येणारी. लाईनमनचा पट्टा तो हाच.

६. हेल्मेट. हनुवटीखाली पट्टा असलेलं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं पिवळं हेल्मेट माणसाच्या आधी खाली पोहोचतं.

मला हे सगळं मिळून साडेसात हजारांच्या आसपास पडलं. त्यातले तीन हजार माझ्या स्कॉलरशिपचे, बाकीचे आबांचे. आबांकडून ते कसे काढले तो स्वतंत्र लेख होईल.

प्रुसिक : एका गाठीची करामत

१९३१ मध्ये कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ही गाठ लोकांपुढे आणली. बारीक दोरीचा फेरा मुख्य दोराभोवती तीन वेळा आतून गुंडाळायचा आणि ओढायचा. वजन नसेल तर गाठ बोटाने वर-खाली सरकते. वजन आलं की घर्षणाने दोराला घट्ट आवळते, जागची हलत नाही. ना बेअरिंग, ना स्प्रिंग! मशीन डिझाईनमध्ये सेल्फ-लॉकिंग शिकतो ना आपण, ते हेच.

दोन सूचना. वेढे एकमेकांवर चढलेले नसावेत, शेजारी-शेजारी बसलेले असावेत. आणि प्रुसिकच्या वर ढील सोडायची नाही. ढील असताना झटका बसला तर गाठ घसरते, आणि नायलॉन घर्षणाने वितळतं.

चढण्याआधी

झाडाभोवती आधी एक फेरी मारा. वाळलेली फांदी कोणती, खोडाला पोकळी कुठे, बुंध्याशी बुरशी आहे का, ते बघा. चिंचेचं लाकूड चिवट असतं, शेवग्यासारखं काडकन मोडत नाही. पण वाळलेली फांदी चिंचेचीही विश्वासाची नाही. मग वर बघा. आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम नाही, मग ठेकेदार काहीही म्हणो. जवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी आकडी किंवा ओला बांबू घेऊन चढायचंच नाही. आधी लाईन बंद करून घ्यायची, आणि ती बंद झाली हे महावितरणच्या माणसाकडूनच कळलं पाहिजे. आभाळ गडगडत असेल, अवकाळीची चिन्हं असतील, तर खाली उतरायचं, आणि झाडाखालीही थांबायचं नाही.

एकट्याने कधीच चढू नका. खाली एक जण हवाच, आणि त्याला दोर कसा चालतो हे माहीत हवं.

चढताना

पहिली पायरी: बारीक दोरीला पाव-अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून ती झाडाच्या मध्यावरच्या जाड बेचक्यातून पलीकडे फेका. फांदी जिवंत हवी आणि मांडीएवढी जाड हवी. मग त्या दोरीने मुख्य दोर ओढून घ्या.

दुसरी पायरी: दोराचं एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या गाठीने. गाठ मारली की दोराची ताकद कमी होतेच, पण या गाठीने इतर गाठींपेक्षा कमी जाते. इथे एक गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल. दोर कप्पीसारखा वरून वळतो, म्हणून बेचक्यावर वजन दुप्पट येतं. माणूस ७० किलोचा, तर बेचक्यावर १४०. म्हणून चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून बघायचं. मोडायचीच असेल तर आपण जमिनीवर असताना मोडू दे.

तिसरी पायरी: मोकळ्या बाजूच्या दोरावर प्रुसिक बांधून ती छातीच्या कडीत अडकवा. पाय जमिनीवर असतानाच, हे महत्त्वाचं. ‘वर गेल्यावर बांधतो’ म्हणणारा माणूस न बांधलेलाच वर जातो. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारून ठेवा, म्हणजे प्रुसिक टोकावरून निसटणार नाही.

चौथी पायरी: चिंचेचं खोड आखूड आणि जाड, त्याला मिठी बसत नाही. पहिल्या फांदीपर्यंत शिडी लावा. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, आणि शिडीचं वरचं टोक झाडाला बांधलेलं. पुढे दोन हात आणि दोन पाय यांतल्या तिघांनी कायम झाड धरलेलं असावं. एक पाऊल वर गेलं की प्रुसिक वर सरकवायची, ढील काढायची, मग पुढचं पाऊल.

पाचवी पायरी: कामाच्या जागी पोहोचलात की आखूड दोरी फांदीभोवती टाका. आता तुम्ही दोन ठिकाणी बांधलेले आहात. वाटेत आडवी फांदी आली तर आधी आखूड दोरी फांदीच्या वरून लावायची, मगच दुसरं काही सोडायचं. दोन्ही एकाच वेळी कधीच सुटलेलं नसावं. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सहावी पायरी: शेंड्याकडे जायचं नाही, आकडी लांब करायची. बेचक्यापासून आडवं फार लांब गेलात आणि पाय सुटला तर पेंड्युलमसारखे झोका खाऊन खोडावर आदळाल. आकडी आणि काठी कमरेला खोचून नेऊ नका, वर बसल्यावर वेगळ्या दोरीने ओढून घ्या. कोयता तर नकोच. ताणलेला दोर कोयत्याच्या एका स्पर्शाने तुटतो.

उतरताना हेच उलट्या क्रमाने. उतरायची घाई करू नका, दमलेला माणूस इथेच चुकतो.

तरीही काही झालं तर

दोराने वाचवलेला माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साठतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून लटकताना पाय हलवत राहायचं, दोरीचा फास करून त्यात पाय देऊन उभं राहायचं, आणि खालच्या माणसाने लगेच उतरवायला लागायचं. त्याला खाली कसं आणायचं हे चढण्याआधीच ठरलेलं हवं.

आणि कुणी जमिनीवर पडलंच, तर त्याला हातापायाला धरून उचलू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका, आहे तिथेच राहू द्या, १०८ ला फोन करा. हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

दुसरीकडे काय करतात?

नारळाचा प्रश्न असाच होता. माडावर चढणारी माणसं मिळेनात, म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात ‘नारळ वृक्षाचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाने प्रशिक्षण सुरू केलं. पायाने चालवायचं चढण्याचं यंत्र, शिकवणी आणि विमा, सगळं एकत्र. त्यात बायकाही शिकल्या. ते यंत्र माडाच्या सरळ खोडावर चालतं, आपल्या फांद्याफांद्यांच्या चिंचेवर नाही. पण ‘यंत्र, शिकवणी, विमा’ हा हिशोब आपणही मांडू शकतो. दुसरा उपाय म्हणजे झाडच लहान ठेवणं. ‘प्रतिष्ठान’सारख्या जातीची कलमं लावून छाटणी केली तर बऱ्याच चिंचा जमिनीवरून किंवा शिडीवरून निघतात. पण बांधावरची पन्नास-साठ वर्षांची झाडं कोण तोडणार?

विम्याचंही बघितलं. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात उंचावरून पडणं धरलेलं आहे, मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. चिंचेवर चढणाऱ्याच्या नावावर बहुतेक वेळा जमीनच नसते. मामांच्याही नव्हती. झाड ज्याचं तो विम्यात, झाडावर जो तो बाहेर.

यंदाचा हंगाम

कॉलेजमधला एक सीनियर ट्रेकिंग करतो, दोराचं काम शिकलेला आहे. त्याने मला हॉस्टेलमागच्या कडुलिंबावर जमिनीपासून दोन फुटांवर लटकवून पंधरा दिवस सराव करून घेतला. (रेक्टर मॅडम, तो प्रकार हाच होता. परवानगी न घेतल्याबद्दल क्षमस्व.) तुम्हीही हा लेख वाचून थेट झाडावर जाऊ नका. आधी जाणत्या माणसाकडून जमिनीजवळ शिका.

मार्चमध्ये सामान घेऊन गावी गेले. चिंचा उतरवायला मामांचा मुलगा आला होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी हार्नेस पुढे केला. तो हसला.

“ताई, एवढं बांधत बसल्यावर चिंच कधी उतरायची? मला सांजच्याला दुसरं झाड हाय.”

त्याचं बरोबर होतं. माझ्या सगळ्या गणितात वेळेचा खर्च मी धरलाच नव्हता. बांधून चढलं तर अर्ध्या दिवसाचं झाड पूर्ण दिवस घेतं. मजुरी उक्ती असेल तर सुरक्षिततेचे पैसे चढणाऱ्याच्या खिशातून जातात, आणि तो ते देणार नाही, कारण त्याच्याकडे नाहीत. मी आबांकडे बघितलं. आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, “उक्तं राहू दे. दिवसाची हजेरी देतो, दोन दिवस लागू देत. पण बांधून चढ.”

“खरं दादा,” मी म्हणाले, “आधी दोन फुटांवर लटकून बघ, मग ठरव.”

तो लटकला. दोन्ही हात सोडले. एकदा खाली बघितलं, एकदा दोराकडे, आणि म्हणाला, “हे आधी का नाही आणलं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दोन झाडांना अडीच दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मामांना खाटेसकट ओट्यावर आणून बसवलं होतं. तिथून झाड दिसतं. ते दिवसभर मुलाला ओरडत होते, “प्रुसिक वर घे, ढील राहिली!” तो शब्द त्यांनी एका सकाळीत पाठ केला होता, मला त्याला चार दिवस लागले होते.

सामान आता आबांच्या माळवदावर, उन्हापासून दूर, पोत्यात ठेवलेलं आहे. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या गावांतल्या ज्यांना हवं त्यांनी न्यावं, फक्त दोर आधी हाताने चाचपून बघावा आणि वापरून झाल्यावर परत करावा. आपल्या कॉलेजच्या एनएसएसने असे चार संच घेऊन शिबिराच्या गावांत फिरवले, तर मी शिकवायला येईन. चहा मेसमधला नसावा, एवढीच अट.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल